सुमोला अंगाने कमी पडलेला जपानी पोरगा ॲमेझॉनला पोचला आणि त्याच्या शिकवणीतून एमएमए उभं राहिलं

12 नोव्हेंबर 1993. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एक अजब स्पर्धा भरली होती. आठ लढवय्ये, आठकोनी जाळीचा पिंजरा. वजनगट नाहीत. चावायचं नाही आणि डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, एवढं सोडलं तर जवळपास सगळं चालणार होतं. बॉक्सर आला होता, किकबॉक्सर आले होते, कराटेवाला आला होता, सुमो पैलवानसुद्धा आला होता. खऱ्या मारामारीत कुठली विद्या भारी, हे एकदाचं ठरवायचं होतं.

जिंकला कोण? तर पांढरा गी घातलेला, 80 किलोच्या आसपासचा एक किडकिडीत ब्राझिलियन पोरगा. रॉईस ग्रेसी. त्याने एका रात्रीत तिघांना हरवलं. तिन्ही लढती मिळून वेळ लागला साधारण पाच मिनिटं. कुणाचं नाक फोडलं नाही की दात पाडले नाहीत. समोरच्याला मिठी मारायची, खाली पाडायचं, अंगावर बसायचं आणि गळा आवळायचा. पाहणाऱ्यांना कळेचना की हे नक्की काय चाललंय.

ही स्पर्धा म्हणजे पहिली यूएफसी. आज जगभर जे एमएमए चालतं त्याची खरी सुरुवात इथून धरतात. आणि कुठली विद्या शिकल्यावर एमएमएत टिकाव लागतो, हा वादही तेव्हापासूनचाच. कुणी बॉक्सिंग म्हणतं, कुणी मुए थाय, कुणी कुस्ती.

या वादाचं बऱ्यापैकी उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. रॉईस ही विद्या शिकला त्याचे वडील एलिओ यांच्याकडून. एलिओंच्या घरात ती आणली त्यांचे थोरले भाऊ कार्लोस यांनी. आणि कार्लोसचा वस्ताद होता एक जपानी माणूस, जो ही पहिली यूएफसी झाली तेव्हा जाऊन 52 वर्षं होत आली होती.

त्याचं नाव मित्सुयो माएदा.

माएदाचा जन्म 18 नोव्हेंबर 1878 चा. जपानच्या उत्तर टोकाला आओमोरी प्रांत आहे, तिथल्या हिरोसाकी शहराजवळ फुनाझावा नावाचं गाव होतं. लहानपणी त्याला सुमोचा नाद लागला. पण सुमोत अंग लागतं आणि माएदाचं अंग काही केल्या भरेना. पुरता वाढल्यावरही त्याची उंची 164 सेंटिमीटर आणि वजन 64 किलोच्या आसपास. आपल्याकडे अशा पोराला वस्ताद म्हणाले असते, खुराक वाढव. माएदाने खुराक वाढवण्यापेक्षा विद्या बदलली.

त्या काळात जपानभर एका नव्या विद्येची चर्चा होती. जिगोरो कानो नावाच्या तरुण शिक्षकाने 1882 मध्ये टोकियोतल्या एइशोजी देवळात 12 चटया अंथरून एक शाळा काढली होती. शाळेचं नाव कोदोकान, विद्येचं नाव ज्युदो. पुढे टोकियो पोलिसांनी भरवलेल्या लढतींत कानोंच्या पोरांनी जुन्या जुजुत्सू घराण्यांच्या लोकांना धूळ चारली आणि त्या कथा गावोगावी पोचल्या. माएदा शिकायला टोकियोत आला आणि सरळ कोदोकानमध्ये भरती झाला.

कानोंनी नेमकं काय वेगळं केलं होतं, हे इथं समजून घेतलं पाहिजे. कारण एमएमएचं मूळ तिथंच आहे.

जपानमध्ये जुजुत्सूची जुनी घराणी चिक्कार होती. त्यांच्याकडे एकाहून एक जहाल डाव होते. बोटं मोडायची, डोळे फोडायचे, मानेला झटका द्यायचा. पण असले डाव सोबत्यावर खरोखर करून बघता येत नाहीत. एक सोबती एका दिवसात संपला. म्हणून बऱ्याच ठिकाणी सराव चालायचा तो ठरवून दिलेल्या हालचालींचा, म्हणजे काताचा. तू असा हात टाक, मी असा पकडतो, मग तू पड.

कानोंनी असे जीवघेणे डाव रोजच्या सरावातून बाजूला काढले आणि जे उरले त्यावर पोरांना पूर्ण ताकदीने एकमेकांशी झुंजवलं. याला जपानीत रांदोरी म्हणतात. समोरचा पडायला तयार नाही, तो तुमचा डाव मोडतोय, उलटा डाव टाकतोय, आणि हे रोज. दिसायला कानोंची विद्या कमी धोकादायक झाली होती. लढायला मात्र तिची पोरं भारी पडत होती, कारण जुन्या घराण्यातल्या पठ्ठ्याला डाव ठाऊक असायचा आणि कोदोकानच्या पोराने तो शेकडो वेळा खऱ्या विरोधावर मारून बघितलेला असायचा. तालमीत लढत धरणाऱ्या कुठल्याही पैलवानाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

एमएमएत आज ज्या विद्या टिकून आहेत त्यांची यादी काढून बघा. बॉक्सिंग, कुस्ती, ज्युदो, मुए थाय, सांबो, ब्राझिलियन जिउ-जित्सू. देश वेगळे, नियम वेगळे, पण प्रत्येकात रोज अंगाला अंग भिडवून खरा सराव चालतो. ज्या विद्यांत हवेत हात मारण्यावर आणि ठरवून पडण्यावर भर होता, त्या पिंजऱ्यात फारशा टिकल्या नाहीत.

तर माएदा कोदोकानमध्ये आला. कानोंनी त्याला त्सुनेजिरो तोमिता यांच्या हाताखाली दिलं. तोमिता हे कानोंचे अगदी पहिल्या फळीतले शिष्य आणि अंगाने लहान. लहान चणीच्या पोराला लहान चणीचाच वस्ताद दिला. माएदा भराभर वर चढला. त्याच्या पिढीत कोदोकानला त्याच्या तोडीचे फार थोडे होते.

पण कोदोकानचीही एक बाजू लंगडी होती. कानोंचा जीव उभ्याने मारलेल्या फेकीवर. माणूस उचलून आपटला की काम झालं, असा एकूण विचार. फुसेन-र्यू नावाच्या घराण्याचा मातायेमोन तानाबे याने हे बरोबर हेरलं होतं. तो उभ्याने फार झुंजायचाच नाही. समोरच्याला घेऊन जमिनीवर जायचा आणि तिथं हातपाय पिळून नाहीतर गळा दाबून शरण आणायचा. कोदोकानचे चांगले चांगले गडी त्याच्यापुढे हरले. त्यानंतर कोदोकाननेही जमिनीवरचे डाव मन लावून घोटायला सुरुवात केली. माएदा घडला तो याच काळात. फेक तर त्याला येतच होती, फेकल्यावर पुढे काय करायचं तेही त्याच्या अंगात भिनलं.

1904 च्या अखेरीस तोमिता, माएदा आणि सोशिहिरो साताके अमेरिकेला निघाले. रशिया-जपान युद्ध चालू होतं, चिमुकला जपान बलाढ्य रशियाला भारी पडत होता आणि त्यामुळे अमेरिकेत जपानी विद्यांचं भलतंच कौतुक होतं. खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट कोदोकानच्याच योशिआकी यामाशिता यांच्याकडून ज्युदोचे धडे घेत होते.

फेब्रुवारी 1905 मध्ये तोमिता आणि माएदा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्रात्यक्षिक दाखवायला गेले. आधी दोघांनी काता करून दाखवला. त्यात तोमिता फेकत होते आणि माएदा पडत होता. मग कॅडेट मंडळींनी माएदाला एकाशी कुस्ती खेळायला लावलं. माएदाने त्याला सहज आपटलं. आता कॅडेटांनी साधा हिशेब केला. जो पडत होता तो एवढा भारी, तर जो त्याला पाडत होता तो किती भारी असेल? त्यांनी तोमितांनाच पुढे ओढलं.

तोमिता तेव्हा चाळिशीला आलेले. पहिल्या पोराला त्यांनी पाडलं. दुसरा होता टिप्टन नावाचा फुटबॉल खेळाडू, अंगाने तोमितांच्या कैक पट. तोमितांनी त्याच्यावर तोमोए-नागे लावला. या डावात आपण स्वतः पाठीवर पडायचं, समोरच्याच्या पोटात पाय रोवायचा आणि त्याला डोक्यावरून पलीकडे भिरकावायचं. टिप्टन भिरकावला गेला नाही. तोमितांनी परत लावला. टिप्टन परत तसाच.

आता कुस्ती बघणाऱ्या माणसाच्या नजरेने हे चित्र बघा. एक जण स्वतःहून पाठीवर पडलाय आणि दुसरा वर उभा आहे. आपल्याकडे तर हलगी थांबली असती आणि पंचांनी हात वर केला असता. जपानी मंडळींनी वजनातला फरक दाखवून सारवासारव केली, पण व्हायची ती शोभा झाली होती.

या एका दुपारी बऱ्याच गोष्टी उघड्या पडल्या. कात्यात फेकणारा लढतीतही फेकेलच असं नसतं. ज्युदोत चालणारा डाव कुस्तीच्या नियमांत हार ठरू शकतो. आणि वजन ही गंमत नाही, समोरचा दांडगा असेल तर देखणी फेक बसेलच याचा भरवसा नाही. तोमिता पुढे जपानला परतले. माएदा मात्र मागे राहिला.

आणि त्याने जे केलं ते कोदोकानच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. तो पैसे लावून लढू लागला.

कोदोकानमध्ये ज्युदो म्हणजे चारित्र्य घडवायचं साधन होतं. थिएटरात तिकीट लावून, बक्षिसासाठी कुणाशीही झुंजणं त्यांना बाजारूपणा वाटायचा. पण परमुलखात पोट भरायचं होतं, आणि माएदाला बहुतेक ते आवडतही होतं. अमेरिकेतून तो 1907 मध्ये इंग्लंडला गेला. लंडनमध्ये तेव्हा कॅच कुस्तीचं वेड होतं. कॅच म्हणजे इंग्लंडच्या लँकेशायर भागातली कुस्ती. पाठ टेकवूनही जिंकता येतं आणि हातपाय पिळून शरण आणूनही. लँकेशायरचे खाणकामगार आणि गिरणीवाले ती खेळायचे.

1908 मध्ये लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरात कॅचच्या मोठ्या स्पर्धा झाल्या. 64 किलोचा माएदा मिडलवेटमध्ये तर उतरलाच, शिवाय हेवीवेटमध्येही उतरला. बराच पुढे गेला, पण जिंकला नाही. (याच अल्हाम्ब्रात दोन वर्षांनी आपल्या गामा पैलवानाने अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला लोळवलं. तो किस्सा वेगळा.)

माएदा इथं का अडला? कारण कॅचमध्ये अंगात जाकीट नसतं. ज्युदोवाल्याचे निम्मे डाव समोरच्याच्या कॉलरला आणि बाहीला धरून असतात. उघड्या, घामेजल्या अंगाच्या पैलवानाला धरायचं कुठं? त्यासाठी मान, काख, कंबर, मांडी यांना बांधून घेणारी कुस्तीची पकडच लागते. आज एमएमएकडे वळणाऱ्या ज्युदोवाल्यांना आणि जिउ-जित्सूवाल्यांना नेमकी हीच अडचण येते, आणि कुस्तीवाल्यांना ती येत नाही. माएदा त्या पैलवानांशी खेळला, हरला आणि त्यांच्याकडून शिकून पुढे निघाला. आपल्या घराण्याबाहेर लढायला जायची ही खोडच पुढे कामी आली.

तिथून तो युरोपात आणि मग स्पेनला पोचला. स्पेनमध्ये त्याच्या खिशात दमडी नव्हती. दुसऱ्या एका जपानी लढवय्याला आव्हान द्यायचं होतं, पण आपलं खरं नाव कळलं तर तो लढायचा नाही, ही भीती. म्हणून नवीन नाव शोधायला बसला. जपानीत अडचणीत असणं याला कोमारू म्हणतात. त्यातलं शेवटचं अक्षर उडवून त्याने केलं कोमा. एका स्पॅनिश ओळखीच्याने सुचवलं की पुढे कोंदे लाव, म्हणजे उमराव. झालं, कोंदे कोमा. मराठीत सांगायचं तर सरदार कडके. हे नाव त्याला आयुष्यभर चिकटलं.

1909 मध्ये मेक्सिको सिटीच्या थिएटरात या सरदार कडक्यांची जाहीर पैज होती. ज्याला मी फेकू शकणार नाही त्याला 100 पेसो, आणि जो मला फेकेल त्याला 500 पेसो. पैसे जिंकून नेल्याची नोंद कुणाच्याच नावावर नाही.

पुढची काही वर्षं तो क्यूबा, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेत फिरत राहिला. सोबत साताके आणि आणखी दोन जपानी ज्युदोवाले. क्यूबात या चौघांना चार राजे म्हणायचे. समोर कोण यायचं याला नियम नव्हता. बॉक्सर, पैलवान, बंदरावरचे हमाल, सर्कसमधले दांडगे. माएदा अशा हजार-दोन हजार लढती लढला असं सांगतात. मोजायला तिथं कुणी बसलं नव्हतं, त्यामुळे तो आकडा जपूनच घ्यावा. पण निम्मा धरला तरी एवढ्या वेगवेगळ्या तऱ्हेच्या माणसांशी लढलेले लोक त्या काळात हाताच्या बोटांवर मोजावे लागतील.

गंमत म्हणजे कोदोकानने त्याचं नाव पुसलं नाही. 1912 मध्ये त्याला पाचवा डान दिला. पैशासाठी लढतो म्हणून काहींनी कुरकुर केली, पण दिला.

नोव्हेंबर 1914 मध्ये माएदा ब्राझीलच्या दक्षिणेला पोर्तो आलेग्रे शहरात उतरला. तिथून मुक्काम करत करत तो थेट उत्तरेला, ॲमेझॉनच्या खोऱ्यात पोचला. साताके मनाऊस शहरात राहिला आणि माएदा ॲमेझॉनच्या मुखाशी असलेल्या बेलेममध्ये. बेलेम एकेकाळी रबराच्या पैशावर माजलेलं गाव. आशियातल्या मळ्यांतून स्वस्त रबर यायला लागल्यावर तिथला धंदा बसला होता, पण थिएटरं, क्लब आणि करमणुकीची सवय शिल्लक होती.

ब्राझीलमध्ये त्याच्यासमोर नवीन तऱ्हेचे लढवय्ये आले, कापोएरावाले. गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकन लोकांनी ब्राझीलमध्ये घडवलेली ही विद्या. गिरक्या, झेपा, लाथा आणि गल्लीतल्या भांडणात वस्तरा किंवा सुरासुद्धा. पे दे बोला नावाचा एक जवळजवळ सहा फुटांच्या वरचा दांडगा कापोएरावाला माएदाशी लढला, माएदाने त्याला सुरा घेऊन यायची मुभा दिली आणि तरीही हरवलं, असा किस्सा सांगतात.

पण अशा माणसाची लाथ चुकवत त्याला मिठी कशी मारायची, हा खरा प्रश्न होता. माएदाची पद्धत साधी होती. लांबून पायावर एखादी खालची लाथ, जवळ जाताना कोपर, हे फक्त समोरच्याला गोंधळवायला. तो दचकला की घुसायचं, पकडायचं, आपटायचं आणि मग जमिनीवर निवांत शरण आणायचं. लाथ त्याच्यासाठी दार उघडायच्या कामाची होती.

1916 मध्ये बेलेममध्ये गास्ताओ ग्रेसी नावाचा गृहस्थ एका सर्कशीच्या धंद्यात भागीदार होता. त्या सर्कशीच्या निमित्ताने त्याची माएदाशी ओळख झाली. गास्ताओचा थोरला पोरगा कार्लोस, वय 14-15, अंगाने बारीक आणि वागायला उनाड. 1917 मध्ये कार्लोसने बेलेमच्या तेआत्रो दा पाझ या थिएटरात माएदाचं प्रात्यक्षिक बघितलं. थिएटर बांधून झालेलं 1878 मध्ये, म्हणजे माएदाच्याच वयाचं. आपल्यापेक्षा दांडग्या माणसांना हा बुटका जपानी लोळवतोय हे बघून कार्लोसला राहवेना. बापाच्या ओळखीवर माएदाने त्याला शिकवायला घेतलं.

माएदाने त्याला जे दिलं त्यात डाव होतेच. पण ग्रेसी घराण्यात सांगितली जाणारी त्याची मोठी शिकवण वेगळी आहे. माएदा म्हणायचा की लढतीचे टप्पे असतात. लांबून हाणामारी चालते तो एक टप्पा. एकमेकांना धरून उभं राहतात तो दुसरा. जमिनीवर जातात तो तिसरा. प्रत्येक टप्प्याचं कसब वेगळं. बॉक्सर पहिल्यात राजा असतो, जमिनीवर त्याला हात कुठं ठेवायचा तेही कळत नाही. म्हणून शहाण्या लढवय्याने समोरच्याला त्याच्या आवडीच्या टप्प्यात राहूच द्यायचं नाही, आपल्या टप्प्यात ओढून आणायचं.

डेन्व्हरच्या पिंजऱ्यात रॉईसने केलं ते याहून वेगळं काही नव्हतं. पहिल्याच लढतीत समोर बॉक्सर आर्ट जिमरसन होता, एका हातात बॉक्सिंग ग्लोव्ह आणि दुसरा मोकळा. रॉईसने लांबून लाथेचा देखावा केला, घुसला, पाडला. अंगावर बसलेल्या माणसाला ठोसा मारायला लागतो तो जोर पायांतून आणि कमरेतून येतो, आणि ते दोन्ही जमिनीला चिकटलेलं होतं. जिमरसनने हार मानली.

ग्रेसी कुटुंब 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला रिओला गेलं. 1925 मध्ये कार्लोसने तिथं शाळा काढली. त्या काळी जपानबाहेर ज्युदोलाही जिउ-जित्सूच म्हणायचे, म्हणून नाव पडलं जिउ-जित्सू. धाकटा एलिओ अंगाने आणखी नाजूक. त्याने ताकदीने मारायचे डाव कमी केले आणि खाली पडूनही लढत राहायचे डाव वाढवले. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खल्लास, इथं पाठीवर पडलेला माणूस वरच्याला पायांत अडकवून गळा आवळायला बघतो. 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचा महान ज्युदोपटू मासाहिको किमुरा एलिओशी लढला. किमुराने एलिओचा हात पिळला, एलिओ शरण येईना, शेवटी कार्लोसनेच भावाला वाचवायला लढत थांबवली. तो डाव आज जगभर किमुरा याच नावाने ओळखतात. ज्याच्याकडून हरले त्याच्या नावाने डाव शिकवायचा, हा ग्रेसींचा मोठेपणा मान्य करायला हवा.

मग माएदाच्या हिशेबाने जिउ-जित्सूच सगळ्यांत भारी ठरली का? तर तेही फार दिवस टिकलं नाही. यूएफसीत अमेरिकन कुस्तीगीर आले आणि चित्र बदललं. ऑलिंपिक खेळून आलेल्या मार्क कोलमनला खाली पाडणंच कुणाला जमेना, तो वर बसून ठोकायचा. 1997 मध्ये त्याला किकबॉक्सर मॉरिस स्मिथने हरवलं, कारण स्मिथ खाली पडून तग धरायला शिकला होता. कोलमन दमला आणि उभ्याने मार खात राहिला. 2006 मध्ये खुद्द रॉईसला मॅट ह्युजेस या कुस्तीगीराने पहिल्याच फेरीत संपवलं. ह्युजेसला कुस्ती येत होतीच, जिउ-जित्सूचे डाव मोडायलाही तो शिकून आला होता. बीजिंग ऑलिंपिकमध्ये ज्युदोचं कांस्य जिंकलेली रोंडा राउझी यूएफसीत एकापाठोपाठ एक हात पिळत सुटली होती. 2015 मध्ये होली होमने तिला जवळच येऊ दिलं नाही. लांबच्या टप्प्यात ठेवलं आणि लाथ घालून झोपवलं.

प्रत्येक वेळी जिंकला तो लढत कुठं चालणार हे ठरवणारा. आणि हे ठरवायची ताकद सगळ्यांत जास्त कुस्तीगीराकडे असते, कारण पाडायचं की उभं राहायचं हे त्याच्या हातात असतं. म्हणून आज बहुतेक जाणकार प्रशिक्षक आधी कुस्ती पक्की करा म्हणतात, त्यावर जिउ-जित्सू आणि बॉक्सिंग किंवा मुए थाय. नुसती कुस्ती घेऊन उतरलेला पैलवानही अडतो. कारण गळा आवळणारा त्याच्या पाठीवर आला की चितपट न होण्यासाठी पोटावर वळायची त्याची सवयच त्याचा घात करते.

कोदोकानचीच दुसरी फांदी रशियात गेली होती. वासिली ओश्चेपकोव्ह टोकियोत शिकून 1913 मध्ये कोदोकानचा ब्लॅक बेल्ट झाला, रशियात परत जाऊन त्याने ज्युदोत तिथल्या लोककुस्त्या मिसळल्या. त्यातून सांबो उभी राहिली. 1937 मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्याला अटक केली आणि तो तुरुंगातच गेला. 29 लढती लढून एकही न हरता निवृत्त झालेला खबीब नुरमागोमेदोव्ह कुस्ती, ज्युदो आणि सांबो याच मिश्रणातून आलेला.

इकडे बेलेममध्ये माएदाचं मन हळूहळू लढतींतून निघालं होतं. 1921 मध्ये त्याने तिथं स्वतःची शाळा काढली, ती चार मीटर बाय चार मीटरच्या एका शेडमध्ये. जगभरच्या थिएटरांत लढून आलेल्या माणसाची शाळा एवढीच. नंतर तो जपानी वसाहतीच्या कामात पडला. जपानमधल्या गरीब शेतकरी कुटुंबांना ॲमेझॉनच्या जंगलात जमिनी देऊन वसवायची योजना होती. त्यातून 1929 मध्ये आकारा नदीच्या भागात वसाहत उभी राहिली, तिलाच पुढे तोमे-आसू म्हणू लागले. माएदाला स्थानिक अधिकारी ओळखत होते, पोर्तुगीज येत होती आणि त्याच्या शब्दाला वजन होतं. आलेल्या लोकांची व्यवस्था लावण्यात त्याची पुढची वर्षं गेली. तिथं मलेरियाने माणसं मरत होती, पिकं हातची जात होती, बरीच कुटुंबं वसाहत सोडून जात होती. कुणाला आपटून सुटणारी ही कामं नव्हती.

1930 च्या सुमारास तो ब्राझीलचा नागरिक झाला आणि कागदोपत्री ओताविओ माएदा बनला. तिथंच लग्न केलं, एक मुलगी दत्तक घेतली. 1940 मध्ये जपान सरकारने त्याला मायदेशी यायचं निमंत्रण दिलं, प्रवासखर्चासकट. बेलेममधलं काम सोडून तो गेला नाही. 1904 मध्ये बोटीत बसलेला माएदा परत कधीच जपानला गेला नाही.

28 नोव्हेंबर 1941 रोजी मूत्रपिंडाच्या आजाराने बेलेममध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्याच दिवशी टोकियोत कोदोकानने त्याला सातवा डान दिला होता. ती बातमी त्याच्यापर्यंत पोचली नाही.

दहा दिवसांत जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. 1942 मध्ये ब्राझील जपानच्या विरोधी गोटात गेला आणि तोमे-आसूच्या ज्या वसाहतीसाठी माएदा राबला होता, तिथंच बेलेम भागातल्या जपानी लोकांना नजरकैदेत ठेवण्यात आलं. हिरोसाकीत त्याच्या नावाचं स्मारक उभं राहिलं ते 1956 मध्ये. ग्रेसींची पोरं तेव्हा रिओत एकमेकांचे गळे आवळायचा सराव करत होती आणि रॉईसचा जन्म व्हायला अजून दहा वर्षं होती.